कात्री खाली ठेवा, मग तिकिटांचं बोलू

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रजिस्टर्ड पोस्ट बंद झालं, आता तिकिटंही जाणार. जुन्या पत्रांवरची तिकिटं कापून जपा, गांधीजींचं 1948 चं तिकीट लाखोंना जातं. आणि डीलरकडे फिरकू नका, तो दहाला घेऊन दहा हजाराला विकतो. मी स्वतः याच धंद्यातला, म्हणून उत्तर देतोय.

रजिस्टर्डचं आधी उरकतो. 2025 मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. तिकिटं निघतायत, निघत राहतील.

आता गांधीजी. 15 ऑगस्ट 1948 ला चार तिकिटं आली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. 2017 मध्ये लंडनच्या स्टॅनले गिबन्स या तिकीट-पेढीनं पाच लाख पौंडांना विकली ती दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी, तीही वर ‘सर्व्हिस’ छापलेली. गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी तशी 100 च केली होती. आजोबांच्या ट्रंकेत निघतं ते बहुधा दीड आण्याचं, शिक्का बसलेलं. त्यात चहापाणी सुटलं तरी खूप.

मला खरा राग आहे तो ‘कापून जपा’चा. चाटी गल्लीतल्या एखाद्या पेढीचं पाकीट घ्या. पुढे तिकिटावर ‘शोलापूर’चा गोल शिक्का, मागे पोहोचल्या गावचा दुसरा. दोन तारखांवरून पत्राला किती दिवस लागले ते कळतं, तिकिटावरून दर. कात्री चालली की शिक्का अर्धा इकडे, अर्धा तिकडे, आणि दोन्ही तुकडे कवडीमोल. आपल्याकडे तर हे जास्तच लागू. तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या मुलखात. निजामाचं तिकीट त्याच्या हद्दीतच चालायचं. पत्र सोलापूरला धाडायचं तर इंग्रज सरकारचं तिकीट हवं. सप्टेंबर 1948 मध्ये भारताची मुख्य फौज सोलापुरातूनच हैदराबादकडे निघाली, तरी निजामाची तिकिटं 1950 पर्यंत वापरात होती. त्या दीड-दोन वर्षांतलं तिकडचं पाकीट हाती आलं की टपाल-इतिहासाचा अभ्यासक आधी तारीख वाचतो. तिकीट नंतर.

राहिला डीलर. लुटारू या धंद्यातही आहेत, नाही कशाला म्हणू? पण विकत घेतलेल्या अल्बमात नव्वद टक्के माल किरकोळच असतो आणि तो वर्षानुवर्षं पडून राहतो. पोट भरतं ते ओळखण्यावर: कागदातला वॉटरमार्क कुठला, कडेचे दाते मोजून किती, मागचा गोंद मूळचा की नंतर फासलेला. मुंबईचे जाल कूपर तिकिटांचे विक्रेतेच होते, आणि जुन्या भारतीय शिक्क्यांवरचं त्यांचं काम संग्राहक आजही चाळतात. दुकान आणि अभ्यास एकाच टेबलावर चालतो.

विकायचंच असेल तर पाकिटं पाण्यात घालू नका, लॅमिनेट तर मुळीच नको. अख्खा गठ्ठा दोन वेगवेगळ्या डीलरना दाखवा. तिकीट नसलेली पत्रंही आणा. दुप्पट पैसे भरून सोडवलेल्या नॉटपेड पत्राला कधीकधी तिकीटवाल्यापेक्षा जास्त गिऱ्हाइकं असतात.