‘एक्लिप्समधून थेट वॉर फाइल काढली तर बिघडते कुठे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

जावा वेब ॲप्लिकेशन कसे बांधून सर्व्हरवर टाकावे, या माझ्या लेखावरील सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की चार-पाच जणांच्या टीमला मेव्हन (कोड कंपाइल करून लायब्ररींसह पॅकेज बांधणारे साधन) आणि जेनकिन्स (ही बांधणी आपोआप चालवणारा सर्व्हर) यांचा पसारा मांडायला सांगणे म्हणजे मोठ्या कंपन्यांचे सोपस्कार लहानांवर लादणे होय. एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या साधनातून वॉर फाइल (वेब ॲप्लिकेशनचे एका फाइलीतले पॅकेज) एक्स्पोर्ट करून टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर टाकण्याची आपली पद्धत वर्षानुवर्षे सुरळीत चालली आहे. आणि ईएआरवर (अनेक मॉड्यूल एकत्र बांधणारे मोठे पॅकेज) मी उगाच शाई खर्च केली, असेही आपले म्हणणे.

जेनकिन्स लहान टीमला अनिवार्य नाही, हे मलाही मान्य आहे. मेव्हनला मात्र त्याच माळेत ओवणे पटत नाही. रोजच्या कामात मीही एक्लिप्समधूनच टॉमकॅट चालवतो. माझा आग्रह एवढाच, की प्रॉडक्शनवर जाणारी फाइल कोडवरून ठरावी, ती कोणाच्या मशीनवर तयार झाली यावरून नव्हे.

एक्लिप्स जेडीकेमधला (जावाचा डेव्हलपमेंट संच) जावाक हा कंपायलर वापरत नाही. त्याचा स्वतःचा कंपायलर आहे. एखाद्या मेथडमध्ये चूक असली तरी हा कंपायलर क्लास फाइल (कंपाइल झालेला कोड) तयार करतोच, फक्त त्या मेथडच्या जागी ‘अनरिझॉल्व्ह्ड कंपायलेशन प्रॉब्लेम’ अशी एरर फेकणारा कोड घालून ठेवतो. कोड लिहिताना ही सोय फार उपयोगाची आहे, कारण एका अर्धवट मेथडपायी बाकीचे काम अडत नाही. परंतु तीच क्लास फाइल वॉरमध्ये गेली, तर चूक उघडकीस येते ती ग्राहकाने नेमके ते बटण दाबल्यावर. मेव्हन नेहमीच्या मांडणीत जावाक वापरतो, आणि तिथे अशी चूक असेल तर वॉर तयारच होत नाही.

लायब्ररींचेही तसेच. साध्या एक्लिप्स प्रोजेक्टमध्ये बिल्ड पाथला जोडलेली जार (लायब्ररीची फाइल) ‘डिप्लॉयमेंट असेंब्ली’त, म्हणजे वॉरमध्ये काय जायचे त्या यादीत, नोंदवली नाही, तर ती वॉरच्या वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरपर्यंत पोहोचत नाही. ही नोंद एक्लिप्सच्या ज्या लपलेल्या सेटिंग्ज फाइलींत राहते, त्या पुष्कळ जण गिटमधून (कोडचा सामायिक साठा) वगळतात. मग एकाच कोडपासून दोघांनी काढलेल्या वॉर फाइली वेगळ्या निघतात, आणि त्यातली एक सर्व्हरवर ‘नो क्लास डेफ फाउंड’ म्हणून कोसळते.

जेडीकेच्या आवृत्तीचा घोळ त्याहून फसवा आहे. जावा 17 साठी कंपाइल केलेली क्लास फाइल (फाइल फॉरमॅटची मेजर आवृत्ती 61) जावा 11 वर (जिथे ती 55 पर्यंतच चालते) लोडच होत नाही, म्हणजे निदान लगेच कळते. पण जेडीके 11 वर सोर्स आणि टार्गेट 8 ठेवले आणि कोडमध्ये स्ट्रिंगची जावा 11 मध्ये आलेली ‘इजब्लँक’ मेथड वापरली, तर कंपाइल होते, डिप्लॉय होते, आणि जावा 8 च्या सर्व्हरवर ती ओळ येताच मेथड सापडत नाही. कंपायलरला ‘रिलीज’ हा पर्याय (त्या आवृत्तीत असलेल्याच मेथड मान्य करणारा) दिला, तर ही चूक आधीच पकडली जाते. एक्लिप्समध्येही तो आहे, परंतु प्रत्येकाच्या मशीनवर तो लावलेला असेल याची हमी कोण देणार?

ईएआरबद्दल आपण बरेचसे बरोबर आहात. 2009 च्या जावा ईई 6 (एंटरप्राइझ जावाची आवृत्ती) पासून ईजेबी (सर्व्हरवरचे लॉजिक सांभाळणारे जावा घटक) थेट वॉरमध्ये ठेवता येतात, त्यामुळे नव्या, सुटसुटीत ॲप्लिकेशनला ईएआरची गरज क्वचितच पडते. तो भाग मी लिहिला तो जुनी, अनेक मॉड्यूलची सिस्टिम सांभाळणाऱ्यांसाठी.

आपल्या टीमपुरते सांगायचे, तर जेनकिन्स बाजूला ठेवा. प्रोजेक्टला पॉम फाइल (मेव्हनसाठी लायब्ररी आणि बांधणीचे वर्णन) लावा, रिलीजच्या वेळी कोऱ्या फोल्डरात गिटमधून कोड घ्या, तिथे मेव्हनने ‘क्लीन पॅकेज’ चालवा आणि निघालेली वॉर उघडून तिच्यातला लिब फोल्डर आपल्या एक्स्पोर्ट केलेल्या वॉरशी ताडून पाहा. दोन्ही याद्यांत फरक निघाला, तर तो इथे जरूर कळवावा.