‘शेक संपला की तीन महिन्यांत सगळं जागेवर येतं’? सगळं येत नाही

तोंड-घशाच्या कॅन्सरच्या पेशंटांच्या नातेवाइकांत एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: शेक (म्हणजे रेडिएशन) संपला की त्रास तीन महिन्यांत आपोआप जातो, उरेल तो सोसायचा, त्यासाठी परळला, म्हणजे टाटा हॉस्पिटलला, खेटे घालू नका. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचंही पटतं.

‘तीन महिन्यांत जातो.’ तोंड सोलवटणं जातं. ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं आणि शेक थांबल्यावर बहुतेकांचं महिना-दीड महिन्यात भरतं. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. अल्कोहोलवालं माउथवॉश नको. पांढरे चट्टे दिसले तर ती बहुधा बुरशी, तिला वेगळं औषध लागतं. जबडा, गिळणं आणि हाड यांचं मात्र उलटं असतं. शेकलेले स्नायू हळूहळू चिवट होतात, बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात, आणि त्रास महिन्यांनी, कधी वर्षांनी वर येतो.

‘दातांचं नंतर बघू.’ अख्ख्या मेसेजमधलं सर्वांत महागात पडणारं वाक्य हेच. किडका, हलणारा दात शेकाच्या आधी काढायचा आणि जखम भरायला निदान दोन आठवडे द्यायचे. पूर्ण कोर्स साधारण ६० ते ७० ग्रेचा (ग्रे म्हणजे शेकाचा डोस मोजायचं एकक), सहा-सात आठवड्यांचा असतो. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यात एवढा डोस बसला की दात काढलेली जागा काहींची भरतच नाही, हाड उघडं पडतं आणि सडतं. हा धोका पाच-दहा वर्षांनीही टळलेला नसतो. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ‘एकच दात आहे, काढून टाकतो’ म्हटलं तरी खुर्चीत बसू नये. आधी शेक दिलेल्या विभागाकडून त्या दाताच्या जागी किती डोस गेला ते लिहून घ्यावं आणि ओरल सर्जनला दाखवावं. मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय, दोन्हीकडे ओरल सर्जरीचा विभाग आहे. दात राहिले असतील तर फ्लोराइड रोज आणि कायमचं.

‘लिंबू चोखा, लाळ सुटेल.’ लाळच नसेल तर आम्ल धुऊन कोण काढणार? दात झिजतात. पाण्याचे घोट आणि बिनसाखरेचं च्युइंगगम बरं.

‘तोंड उघडत नाही, चालायचंच.’ वरच्या-खालच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी जायला हवीत. अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झालं तर जबडा आखडलाय. मावा-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड बऱ्याचदा शेकाआधीच आवळलेलं असतं, त्यांनी तर थांबूच नये. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरायची, ताण जाणवेल इतकी, ३० सेकंद. असं पाच वेळा, दिवसातून पाचदा. जमेल तशी एकेक काडी वाढवायची. पहिल्या वर्षात हे केलं तर उपयोग होतो. स्नायू पूर्ण चिवट झाल्यावर फार थोडं हाती लागतं. अंतर कमी होतच राहिलं किंवा दुखू लागलं तर आधी डॉक्टरांनी बघायला हवं, गाठ परतलेली नाही ना.

‘ठसका लागत नाही म्हणजे गिळणं ठीक.’ शेकाने घशाची जाणीव बोथट होते आणि पाणी ठसक्याविना श्वासनलिकेत उतरतं. पाणी पिताच आवाज ओलसर येणं, वारंवार ताप आणि छातीत कफ, जेवायला अर्ध्या तासाहून जास्त लागणं, वजन घटणं, यातलं काहीही दिसलं तर गिळण्याची व्हिडिओ-एक्स-रे किंवा दुर्बिणीची तपासणी मागून घ्यावी. नाकातली अन्नाची नळी असली तरी थेरपिस्टने परवानगी दिलेले घोट गिळत राहावेत, नाहीतर स्नायू गिळणंच विसरतात. हे काम गिळण्याच्या थेरपिस्टचं आहे, ‘मऊ भात खा’ सांगून भागत नाही.

‘थकवा राहतोच.’ मानेला शेक लागला की थायरॉइड मंदावू शकतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर सहा ते बारा महिन्यांनी तपासावं. गोळीने फरक पडतो.

‘खेटे घालू नका.’ विरार-कल्याणहून परळ गाठायचं तर दिवस मोडतो, हे खरंच. पण मोघम ‘त्रास होतोय’ सांगितलं तर ओपीडीत दोन मिनिटांत बाहेर येता. त्याऐवजी तोंड किती मिलिमीटर उघडतं, वजन किती घटलं, जेवायला किती वेळ लागतो हे कागदावर नेलं तर दंत, गिळणं, फिजिओथेरपी यांच्या चिठ्ठ्या एकाच फेरीत मागता येतात. डिस्चार्ज कार्ड आणि डोसचा कागद सोबत असू द्या. न भरणारी जखम, नवी गाठ, एका बाजूचा कानदुखा, यांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तोंडातून ताजं रक्त आलं तर ओपीडी नाही, थेट कॅज्युअल्टी.