‘दोन दिवसांत तळ रंगवा, दहा वर्षं निवांत राहा’ या सल्ल्याचं काय करायचं?

लंडनची घरभाडी ऐकून धास्तावलेल्या आपल्या मंडळींमध्ये सध्या एक सल्ला या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. थोडक्यात असा: जुनी नॅरोबोट घ्या आणि कालव्यावर राहा. तळाच्या देखभालीला घाबरू नका, बोटयार्डवाले त्या नावाखाली लुबाडतात. शनिवारी बोट पाण्याबाहेर काढा, प्रेशर वॉशर मारा, जुन्या काळ्या रंगावरच इपॉक्सीचे (दोन डबे मिसळून लावायच्या, कडक होणाऱ्या रंगाचे) दोन हात द्या, रविवारी संध्याकाळी बोट परत पाण्यात. मग दहा वर्षं बघायला नको. कालव्याचं पाणी गोडं, त्यामुळे गंज फारसा धरत नाही, आणि बुडाला तर रंग लावायची गरजच नसते.

हे काम स्वतःच्या हाताने करता येतं, एवढं त्यात खरं आहे. कितीतरी बोटवाले करतात आणि चांगलं करतात. पण वर सांगितलंय त्या पद्धतीने केलंत, तर घातलेले पैसे पोपडे होऊन कालव्यात जातील.

ज्यांनी ही बोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इंग्लंडच्या जुन्या कालव्यांवरची अरुंद लॉक (बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद) जेमतेम ७ फूट रुंदीची, म्हणून नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद आणि लांबीला पार ७० फुटांपर्यंत. आजच्या पोलादी बोटीला साधारणपणे बुडाशी १० मिलिमीटर, बाजूंना ६ आणि केबिनला ४ मिलिमीटरचा पत्रा असतो. जुन्या बोटींचा बरेचदा याहून पातळ. म्हणजे तुमचा पलंग आणि कालवा यांच्यामध्ये फक्त ६ मिलिमीटर पोलाद. तळ म्हणजे सपाट बूड आणि खालच्या बाजू; त्यावरच्या काळ्या संरक्षक थराला तिकडे ब्लॅकिंग म्हणतात.

आधी गोड्या पाण्याचा मुद्दा. खाऱ्या पाण्यात पोलाद जास्त वेगाने गंजतं, हे बरोबर. पण म्हणून गोड्या पाण्यात चिंता नाही, हे कुठून काढलं? गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, आणि दोन्ही भरपूर मिळतात ती जागा म्हणजे पाण्याची रेघ. जुनी बोट बाहेर काढली की बहुतेक वेळा सगळ्यांत वाईट पट्टा तिथेच दिसतो, रेघेच्या वर-खाली वीतभर. शिवाय मरीनामध्ये, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या तळावर, किनाऱ्यावरची वीज जोडलीत की अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट आजूबाजूच्या सगळ्या बोटींशी जोडली जाते. अॅनोड म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे, बोटीला जोडलेले धातूचे ठोकळे. शेजाऱ्याचे अॅनोड संपलेले असतील तर तुमचे अॅनोड त्याच्याही बोटीची राखण करत झिजतात. ते संपले की पाळी तुमच्या पत्र्याची. यावर इलाज गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे त्या तारेतला हा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण, बसवणं हा आहे, रंगाचा आणखी एक हात हा नाही. अॅनोडही गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे लागतात, समुद्रावरचे जस्ताचे इथे नीट चालत नाहीत. आणि ते जास्त टिकावेत म्हणून त्यांनाही काळा रंग फासणारे महाभाग आहेत! झिजणं हेच अॅनोडचं काम. रंगवला की तो कामातून गेला.

‘प्रेशर वॉशर मारा’ इथे खरी गडबड सुरू होते. फवारा मारायचाच, आणि तोही बोट बाहेर आल्या आल्या, शेवाळ नि चिखल ओला असताना. वाळला की दगडासारखा बसतो. पण फवाऱ्याने जाते ती घाण आणि आधीच सुटलेला रंग. घट्ट बसलेला गंज जात नाही. तो काढायला खरवडणी, वायर ब्रश, ग्राइंडर, आणि पाठ मोडेस्तोवर वेळ. दोन-चार दिवस याच कामात जातात आणि शेवटी दाखवायला काहीच नसतं, बोट आणखी भिकार दिसते एवढंच.

या टप्प्यावर एक गोष्ट बारकाईने बघायची. तळावर ठिकठिकाणी नारिंगी फोड दिसतात. त्यातला एक खरवडणीच्या टोकाने फोडा. आत कधी कोरडा तांबूस भुगा निघतो. तो साधा गंज. कधी मात्र काळा, ओला गाळ निघतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि गाळ पुसल्यावर खाली चक्क चकचकीत खड्डा असतो. नवखा माणूस चकाकी बघून खूश होतो: पोलाद शाबूत आहे! ते उलट आहे. सल्फेटवर जगणारे जिवाणू तिथे पत्रा खात बसलेले असतात आणि ती चकाकी म्हणजे खड्डा अजून खोल जातोय याची खूण. असा फोड न फोडता वरून रंग मारला, तर त्या जिवाणूंना हवाबंद खोली मिळते, आणि त्यांना तीच हवी असते. प्रत्येक फोड उघडायचा, खड्डा धुऊन, घासून कोरडा करायचा. याला पळवाट नाही.

नव्या बोटींची वेगळी तऱ्हा. गरम लाटलेल्या पोलादी पत्र्यावर कारखान्यातूनच निळसर काळी साल येते, मिल स्केल म्हणतात तिला. दिसायला गुळगुळीत, रंग तिच्यावर सुंदर बसतो. पण ती पुढेमागे पत्र्यापासून सुटते आणि जाताना रंग घेऊन जाते. त्याहून वाईट म्हणजे, तिला तडा गेला की साल आणि उघडं पोलाद यांच्यात विजेचा खेळ सुरू होतो आणि गंजाचा सगळा जोर त्या तड्यात एकवटतो. ही साल हाताने निघत नाही. त्याला ग्रिट ब्लास्टिंगच हवं, म्हणजे दाबाच्या हवेने कणीदार भुकटीचा मारा.

आता या सल्ल्यातलं सगळ्यांत महागडं वाक्य: ‘जुन्या काळ्या रंगावरच इपॉक्सी’. जुन्या बोटीवरचा काळा रंग बहुधा बिटुमेनचा, म्हणजे डांबराच्या जातीतला. तो कधीच पुरता टणक होत नाही, आणि पेट्रोलियमच्या द्रावकात विरघळतो; डिझेल सांडलं तरी मऊ पडतो. दोन डब्यांची इपॉक्सी त्याच्यावर लावली की तिच्यातलं द्रावक खालचा थर मऊ करतं, वरचा थर मात्र कडक होत जातो. खाली लोणी, वर काच. पहिल्या लॉकच्या भिंतीला बोट घासली की ताव्याएवढा तुकडा निघून येतो. पत्र्याला घट्ट धरणं हीच इपॉक्सीची ताकद, आणि इथे तिने धरलंय बिटुमेनला. फार कुरकुर न करता हाताने घासलेल्या पोलादावरही बसणाऱ्या इपॉक्सी मिळतात, पण बिटुमेनवर बसणारी शोधत बसू नका. इपॉक्सी हवी असेल तर बिटुमेनचा कण न् कण काढा, आणि त्याचा खात्रीचा मार्ग पुन्हा ब्लास्टिंगच. त्यानंतर उघडं पोलाद त्याच दिवशी पहिल्या थराखाली गेलं पाहिजे, कारण इंग्लंडच्या हवेत ते रात्रभरात तांबूस होतं.

म्हणून बिटुमेनला नाक मुरडण्यात अर्थ नाही. बोटीवर आधीच बिटुमेन आहे, ब्लास्टिंगचं बजेट नाही, तर नीट घासून बिटुमेनवर बिटुमेनच लावा. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं, हे कबूल. पण तेवढ्याच वेळाने बोट बाहेर येते, खड्डे दिसतात, अॅनोड बदलले जातात.

‘शनिवार-रविवार’ हे गणित इंग्लंडच्या हवेशी जुळत नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्याच्या) किमान ३ अंश वर असावं, असा रंगकामातला नियम आहे. हवा १२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरा, एप्रिलमधली साधी सकाळ. दवबिंदू पावणेनऊच्या आसपास येतो, म्हणजे पत्रा पावणेबारा अंशांवर हवा. पण रात्रभर गारठलेला पत्रा सकाळी हवेपेक्षा थंड असतो. हाताला कोरडा लागेल, तरी रंग लावायचा नाही. पुष्कळशा इपॉक्सी १० अंशांच्या खाली नीट जमतच नाहीत, वर चिकट मेणचट थर येतो, आणि तो न धुता दुसरा हात दिला की दोन थर एकमेकांना धरत नाहीत. दोन हातांमधल्या वेळेला खालची मर्यादा असते तशी वरचीही असते. ती उलटली की पुन्हा घासणं आलं. बिटुमेनलाही शेवटच्या हातानंतर दोन-तीन दिवस तरी हवा खाऊ द्यावी. आठवडाभर गोदी घ्या, आणि छप्पर असलेली मिळाली तर चार पैसे जास्त द्या.

वेल्डिंगचे सांधे आणि कडा यांना आधी ब्रशने एक वेगळा हात द्यायचा, मग रोलर. ओला रंग तीक्ष्ण कडेवरून मागे सरतो आणि नेमका तिथेच थर पातळ राहतो. सल्ल्यात याचा उल्लेख नाही. हातमोज्यांचाही नाही, आणि ते जास्त गंभीर आहे: इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की जन्माची. नायट्राइलचे मोजे, लांब बाह्या, ग्राइंडर चालवताना चष्मा आणि मास्क.

बुडाला रंग नको, हे मात्र अगदीच हवेतून आलेलं नाही. पुष्कळ वर्षं बोट बांधणारेच असं सांगायचे: तिथे ऑक्सिजन कमी, आणि उथळ कालव्यात बूड घासून रंग तसाही जातो. पण जिवाणूंना ऑक्सिजन कमी असलेलंच आवडतं, आणि न रंगवलेल्या बुडांवर खड्डे सापडतात. आता बरेच जण बूडही रंगवतात. फक्त काम किती वाढतं ते आधी मोजा. ५७ फुटी बोटीच्या दोन्ही बाजू मिळून ३५ चौरस मीटरच्या आसपास. बूड जवळपास तेवढंच, म्हणजे काम दुप्पट, तेही उताणं पडून. गोदी अशी हवी जिथे खाली शिरता येईल. बोट ज्या ओंडक्यांवर टेकलेली असते तिथे रंग पोचत नाही, तेव्हा बोट मध्ये एकदा सरकवून मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारा.

दहा वर्षांबद्दल इतकंच की रंग नुसता जुना होऊन जात नाही, तो घासून जातो. लॉकच्या भिंती, काठाची दगडी कड, हिवाळ्यातला बर्फाचा पापुद्रा. सर्वोत्तम इपॉक्सीही नाकाड्यावर आणि बुडाच्या कडेला आधी उघडी पडते.

राहिला लुबाडण्याचा मुद्दा. यार्डवाला फुटावर पैसे लावतो आणि त्यातला मोठा भाग मजुरीचा असतो, म्हणून स्वतः केल्याने खरंच वाचतात. रोलर स्वतः फिरवा, खरवडा स्वतः. पण अॅनोडचं वेल्डिंग जाणत्याकडून आणि रंगाच्या आधी करून घ्या. आत पत्र्याला इन्सुलेशनचा फोम चिकटलेला असतो, तो पेट घेऊ शकतो. आणि बोट बाहेर आहेच, तर सर्वेअरला, म्हणजे तळ तपासणाऱ्या जाणकारालाही बोलवा, तोही रंगाच्या आधी. जुन्या बोटीला पूर्ण विमा देताना कंपन्या तळाचा सर्वे मागतात, आणि बहुतेकींचा किमान जाडीचा हिशोब ४ मिलिमीटरवर येऊन थांबतो. सर्वेअर अल्ट्रासाउंडच्या यंत्राने जाडी मोजतो, हातोडीने ठोकून बघतो, खड्ड्यांची खोली घेतो. त्याच्या यंत्रात कुठे ४ च्या खालचा आकडा आला, तर रंगाचा डबा उघडूच नका. आधी वेल्डर गाठा.