पहिले खासगी एफएम केंद्र मुंबईचे नव्हे

‘देशातील पहिले खासगी एफएम केंद्र १९९३ मध्ये मुंबईत सुरू झाले’ हा सध्या फिरणारा मजकूर अर्धवट खरा आहे. त्या वर्षी आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरील ठरावीक तास खासगी कंपन्यांना विकले. निवेदक आणि जाहिराती त्यांच्या असल्या, तरी प्रक्षेपक व परवाना आकाशवाणीचाच होता, म्हणजे दुकान दुसऱ्याचे आणि फळी भाड्याची. स्वतःच्या परवान्यावर चालणारे पहिले खासगी केंद्र म्हणजे बंगळूरचे रेडिओ सिटी, जे ३ जुलै २००१ रोजी ९१ मेगाहर्ट्झवर सुरू झाले. रेडिओ मिर्चीचा आरंभही मुंबईतून नव्हे, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंदूरहून झाला. मुंबईची पाळी २००२ मध्ये आली.