सगळ्यांना बरं वाटलं, पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी

अभिनंदन. बीपीटीएचची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, साडेचार वर्षं झाली, सीईटीचं दिव्य झालं, कॅप राउंडच्या याद्यांकडे बघून बघून डोळे गेले आणि अखेर एमपीटीएचला, म्हणजे त्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, प्रवेश मिळाला. आता दोन वर्षं आणि एक थिसिस. दोन वर्षं आपोआप सरतात, थिसिस सरत नाही. म्हणून हा सल्ला. घरचे अजून 'मसाजचं पुढचं शिक्षण घेतेय' असंच सांगत असतील तर त्यांना दुरुस्त करत बसू नका. नावाआधी 'डॉ.' लावायचं की नाही, यात तर पडूच नका. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने 'लावू नका' असं पत्र काढलं आणि लगोलग मागेही घेतलं. मधल्या वेळात कुणी पाटी रंगाऱ्याकडे टाकली असेल तर त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे.

पहिली पायरी विषयाची. इथे हुशार मुलं हमखास घोटाळा करतात. त्यांना खरोखर काहीतरी जाणून घ्यायचं असतं. बीडची एखादी मुलगी म्हणते, ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या कंबरेवर काम करते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना मणक्यावर काय येतं ते मोजते. हा विचार आला की थंड पाणी प्या. कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि थेट उन्हाळ्यात परततात, म्हणजे तुमचं डेटा कलेक्शन चालू असतं तेव्हा बाई पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी फडात असते. तिथे जायला गाडी नाही, पोस्टिंगमधून सुट्टी नाही, आणि गाइडने फड फक्त बातम्यांत पाहिलेला असतो. त्यापेक्षा खालच्या मजल्यावर बीपीटीएचची दीडशे मुलं बसलेली आहेत. वय अठरा ते चोवीस, सगळ्यांचे हॅमस्ट्रिंग आखडलेले, सगळ्यांच्या हातात मोबाइल, आणि इंटर्नल मार्कांत तुमचा शब्द चालतो असा त्यांचा समज. संमती म्हणजे काय हे कळायला यापेक्षा चांगलं ठिकाण नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजकुमारांच्या मांडीमागच्या स्नायूंबद्दल आपल्याकडे आज जितकी माहिती आहे, तितकी दुसऱ्या कुठल्याच अवयवाबद्दल नसावी.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, 'नीड फॉर द स्टडी' असा एक परिच्छेद असतो. त्यात 'या विषयावर फारच कमी अभ्यास झाले आहेत' हे वाक्य घालायचं. ते खरं राहावं म्हणून पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर, फार शोधायचं नाही. शोधलंत आणि त्याच प्रश्नावर वीस ट्रायल्स सापडल्या, तर त्या वाचाव्या लागतील आणि मग विषय बदलावा लागेल. शोधाच्या चौकटीत एकच शब्द टाका, तोही जरा चुकवून.

सॅम्पल साइजसाठी स्टॅटिस्टिशियनकडे जाताना 'किती रुग्ण लागतील' असं विचारू नका. तो अपेक्षित फरक, स्टँडर्ड डेव्हिएशन, पॉवर असलं काहीबाही विचारेल आणि तुम्ही एकमेकांकडे बघत बसाल. 'सर, साठ मिळतील, तेवढ्याचं बसवून द्या,' असं सांगा. सूत्र फार प्रेमळ असतं. उत्तर आधी दिलं की बाकीचे आकडे ते स्वतःच शोधून काढतं. तीस ग्रुप ए, तीस ग्रुप बी. तीसच का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही सुरुवात करू नका.

एथिक्स कमिटीच्या बैठकीत चहा येईपर्यंत बोला, चहा आला की थांबा. निरक्षर रुग्णाचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार लागतो असं आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तटस्थ म्हणून तुमच्याच युनिटमधला इंटर्न उभा करा. तो कशातच नसतो, त्याच्याहून तटस्थ कोण? ट्रायलची सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी करायची असते, फुकट असते, आणि १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच करावी लागते. आधी म्हणजे काय हळवेपणा! आपल्याकडे लग्नाची नोंदणीसुद्धा बारशानंतर होते.

रँडमायझेशनला, म्हणजे कुठला रुग्ण कुठल्या ग्रुपात हे नशिबावर सोडायला, चिठ्ठी उत्तम. सीलबंद, अपारदर्शक पाकिटं वगैरे पुस्तकात. डब्यात ए आणि बीच्या चिठ्ठ्या टाका, काढताना रुग्णाकडे एकदा बघा. लवकर बरा होण्यातला दिसतोय, रिक्षाने आलाय, मुलगा सोबत आहे? ए निघेपर्यंत काढत राहा. एसटीच्या अर्ध्या तिकिटावर दोन गाड्या बदलून आलेली, घरी गेल्यावर पुन्हा निंदायला जाणारी मावशी बीमध्ये जाऊ दे. ए म्हणजे तुमचा नवा उपचार. बी म्हणजे 'कन्व्हेन्शनल फिजिओथेरपी', अर्थात हॉट पॅक आणि आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल हा विजेचा शेक.

आता मोजमाप. इथे जरा थांबू, कारण खरी कला इथेच आहे.

समजा तुम्ही सहा मिनिटं चालण्याची चाचणी घेताय. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ साली लिहून ठेवलंय की सपाट, सरळ, वर्दळ नसलेला तीस मीटरचा कॉरिडॉर हवा. तुमच्या हॉस्पिटलातही कॉरिडॉर आहे. त्यात डावीकडे चादरी अंथरून तीन कुटुंबं बसलेली असतात, उजवीकडे चाक नसलेली व्हीलचेअर, मधोमध एक्स-रेची रांग. दहाव्या मीटरला एक आजोबा डबा उघडून बसलेले. ते पाय आखडून घेतात आणि दम्याचा रुग्ण त्यांच्यावरून जपून पाऊल टाकतो. बाराव्या मीटरला शेवटचा कोन ठेवा. परत फिरायला रुग्णाला दर वेळी वेग कमी करावा लागतो, म्हणजे अंतर कमी भरतं, हे खरंय. पण पोस्ट-टेस्ट, म्हणजे उपचारानंतरची चाचणी, रविवारी सकाळी घ्या. कॉरिडॉर मोकळा असतो. फुप्फुसांची क्षमता तीन आठवड्यांत कशी वाढते ते बघून तुमचे तुम्हीच थक्क व्हाल.

कंबरदुखीला ऑस्वेस्ट्री प्रश्नावली. दहा विभाग, प्रत्येकी शून्य ते पाच. आठवा विभाग लैंगिक जीवनाचा, 'लागू असल्यास'. ओपीडीतलं क्युबिकल म्हणजे तीन बाजूंना हिरवा पडदा. पडद्यापलीकडे सून, शेजारच्या खाटेवर गावातलेच पाहुणे. पासष्ट वर्षांच्या आजी पालथ्या पडून आहेत आणि तुम्हाला हे विचारायचंय. तुम्ही घसा साफ करता, आवाज खाली नेता, अर्धा प्रश्न गिळता. आजी मान वर करून, पडद्यापलीकडच्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "बाई, माजं कंबाट दुकतंय. ह्ये इचारून काय करनार?" नियम असा आहे की हा विभाग सोडला तर पन्नासऐवजी पंचेचाळीसने भागायचं. पण भागाकार नडतो, आणि एक्सेलमध्ये रिकामा रकाना वाईट दिसतो. शून्य टाका. आजींचं सहजीवन वेदनारहित असल्याची नोंद विज्ञानात कायमची होईल.

गुडघ्याला वोमॅक प्रश्नावली. चोवीस प्रश्न, त्यात गाडीत चढणं-उतरणं आहे, टबात शिरणं आहे, कमोडवर बसणं-उठणं आहे. तुमच्या रुग्णाला मांडी घालून भाकरी थापायचीय आणि उकिडवं बसून उठायचंय. दुखतं ते तिथे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने याची आपल्याकडच्या माणसांसाठी बदललेली आवृत्ती करून ठेवली आहे. ती शोधू नका. रुग्णाला टबाबद्दल विचारा. तो 'न्हाई' म्हणेल, तुम्ही 'त्रास नाही' लिहा.

गोनिओमीटरबद्दल, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीबद्दल, एकच. हाताने घेतलेल्या मापात पाच अंश इकडेतिकडे होणारच, असं पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात. तुमच्या दोन ग्रुपांतला फरक चार अंश निघाला तर काळजी करू नका. पहिल्या वर्षाचं पुस्तक एक्स्टर्नलही, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षकही, विसरलेला असतो. आणि प्री, पोस्ट, उपचार, नोंद हे सगळं एकाच माणसाने करा. म्हणजे तुम्हीच. दुसऱ्याने मोजलं तर त्याला ग्रुप कुठला ते माहीत नसेल आणि मग तो भलतंच काही मोजून ठेवील.

रुग्ण मध्येच यायचे बंद होतात. सोयाबीन काढणीला येतं, नातीचं डोहाळजेवण असतं, गाडीभाड्याला पैसे नसतात, किंवा बरंच वाटायला लागलेलं असतं. ते का आले नाहीत हा खरं तर स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, म्हणूनच टाळा. गळालेल्यांसकट विश्लेषण करण्याची एक पद्धत आहे, ती थिअरीच्या पेपरात लिहा. मास्टर चार्ट मात्र कोऱ्या रकान्यांचा ठेवू नये. फक्त तारखांकडे लक्ष द्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अकरा रुग्णांना ट्रॅक्शन, म्हणजे मणक्याला ताण, दिल्याची नोंद केलीत तर पॅनेलमधला एखादा धार्मिक माणूस हरकत घेईल.

वाचनाचा नाद मात्र फार लावून घेऊ नका. धोका कुठे असतो तो सांगतो. २०१६ साली ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ट्रॅक्शन देऊ नका, अल्ट्रासाउंड देऊ नका, टेन्स (त्वचेवरून दिलेले विजेचे झटके) देऊ नका, इंटरफेरेन्शियल देऊ नका, असं सरळ लिहिलंय. व्यायाम करून घ्या, असंही. आता आपल्या ओपीडीत एक चक्कर मारा. जे जे प्लगला लावलेलं आहे ते ते या यादीत आहे. हे वाचलेला माणूस ग्रुप बीला काय देणार? आणि रुग्णाला 'मशीन लावत नाही, चाला' म्हटलं तर तो उद्या समोरच्या क्लिनिकात जाईल, तिथे नवं मशीन आलंय.

तसाच दुसरा धोका फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झींचा. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला त्यांच्या क्लिनिकात पाय दुखणारे एक गृहस्थ आले. पालथे झोपा म्हणून सांगितलं, पण टेबलाचं टोक आधीच्या रुग्णासाठी वर केलेलं होतं. गृहस्थ तसेच, कंबर मागे वाकवून पडून राहिले. त्या काळी घातक मानली जाणारी अवस्था. काही मिनिटांनी मॅकेन्झी आत येऊन बघतात तर पायाचं दुखणं गेलेलं. मॅकेन्झींनी काय करावं? प्रोटोकॉल मोडला म्हणून या रुग्णाला एक्स्क्लूड करावं की नाही? त्याऐवजी ते बुचकळ्यात पडले, दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघितलं, मग इतरांवर करून बघितलं, आणि त्यातून जगभर शिकवली जाणारी पद्धत उभी राहिली. सिनॉप्सिस नाही, गाइड नाही, सही नाही, शिक्का नाही. तुमच्या टेबलावर असं काही घडलंच तर एक्स्क्लूजन क्रायटेरियात एक ओळ वाढवा आणि कुणाला बोलू नका.

स्टॅटिस्टिक्सचा निकाल काय लागणार ते मी आत्ताच सांगतो, खर्च वाचेल. ग्रुप ए सुधारला, पी ०.०५ पेक्षा कमी, म्हणजे आकडेवारीच्या लेखी फरक 'लक्षणीय'. ग्रुप बी सुधारला, पी ०.०५ पेक्षा कमी. दोघांत तुलना केली तर ए 'किंचित अधिक परिणामकारक'. माणूस दुखणं अगदी शिगेला पोचलं की ओपीडीत येतो, त्यामुळे पुढच्या आठवड्यात आकडा तसाही खाली येतो. ताजी कंबरदुखी बरीचशी सहाएक आठवड्यांत आपापली ओसरते. काहीच उपचार न केलेला तिसरा ग्रुप ठेवला असतात तर तोही सुधारला असता, म्हणून ठेवायचा नाही. वेदना दहापैकी किती, या मोजपट्टीवर साधारण दोन अंक उतरले तर रुग्णाला फरक पडल्यासारखं वाटतं. तुमचे उतरले असतील शून्य पूर्णांक आठ. हरकत नाही. रुग्णाला वाटलं नाही तरी पी व्हॅल्यूला वाटलं ना?

कुणी पेड्रो, म्हणजे ट्रायलचा दर्जा मोजणारी, स्केल काढून गुण विचारले तर घाबरू नका. सिडनीत १९९९ साली सुरू झालेल्या त्या डेटाबेसच्या स्केलमध्ये अकरा मुद्दे असतात आणि पहिला मोजतच नाहीत, म्हणजे कमाल दहा. त्यातले दोन रुग्णाला आणि थेरपिस्टला उपचार कळू न देण्याचे. स्वतःच्या हाताने मणका दाबणाऱ्याला आपण मणका दाबतोय हे कळू द्यायचं नाही, हे जगात कुणालाच फारसं जमलेलं नाही. हे दोन गुण सगळ्यांचेच जातात. उरलेले तुमचे वैयक्तिक कारणांमुळे गेले, असं म्हणा.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, लिमिटेशन्स विचारतात. 'सॅम्पल लहान, फॉलो-अप कमी.' फ्यूचर स्कोप विचारतात. 'सॅम्पल मोठं, फॉलो-अप जास्त.' एक्स्टर्नलला परतीची गाडी असते. जेवणात पनीर ठेवा.

पास झाल्यावर पेपर छापायचा. तुम्हाला 'आदरणीय विद्वान' म्हणून मेल पाठवणारी जर्नलं असतातच. ज्याचा रिव्ह्यू दोन दिवसांत येतो ते घ्या. पैसे तुमचे, पहिलं नाव गाइडचं, दुसरं एचओडींचं, तिसरं ज्यांनी हॉट पॅकची किल्ली सांभाळली त्यांचं. शेवटी जागा उरली तर तुमचं.

थिसिस सोनेरी अक्षरांत बांधून कपाटात गेला की पंधरवड्यात ज्युनियरचा फोन येईल, ताई, तुमच्या थिसिसची सॉफ्ट कॉपी मिळेल का, नुसती बघायला. द्या. पण पीडीएफ देऊ नका, वर्डची फाइल द्या. पीडीएफमध्ये स्नायूचं नाव बदलता येत नाही.