चार्ल्स्टनचं जेवण आणि ‘कालवलेली’ गुलामगिरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना वाचक’ यांस,

‘चार्ल्स्टनमध्ये तीन दिवस: काय पाहावं, काय खावं’ या माझ्या लेखावरची (चार्ल्स्टन म्हणजे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातलं बंदराचं शहर) तुमची प्रतिक्रिया मी एकही शब्द न गाळता प्रसिद्ध केली आहे. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून ती इथे थोडक्यात देते: “ताई, आम्ही दोन मुलांना घेऊन चार दिवस साउथ कॅरोलायनाला जाणार आहोत. कुठे फिरायचं आणि काय खायचं एवढंच हवं होतं. जेवणाच्या लेखात गुलामगिरी कशाला कालवता? अमेरिकेत राहून अमेरिकेवर चिखलफेक करायची हल्ली फॅशनच झाली आहे. शाकाहारी लोकांसाठी एक ओळ नाही, पार्किंगबद्दल काही नाही. आणि रेनबो रोमध्ये घरं १३ आहेत, १४ नव्हेत.”

आधी चूक मान्य करते. ईस्ट बे स्ट्रीटवरची ती रंगीत घरं १३च आहेत. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण तुमच्या बाकीच्या प्रतिक्रियेचा सूर मला लागला, हे लपवत नाही. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि चार वाक्यांनंतर त्याच ताईला ‘फॅशन’ म्हणून हिणवायचं, ही कुठली रीत? मत पटलं नाही तर तसं लिहा, मी नऊ वर्षं अशा प्रतिक्रिया छापते आहे. पण मी गुलामगिरीबद्दल लिहिलं ते मिरवायला लिहिलं, असा आरोप करायच्या आधी तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला होतात का? मला तसं वाटत नाही. वाचला असता तर जेवणाच्या सहा जागा त्यात सापडल्या असत्या.

आता ‘कालवता’ या शब्दाकडे येते, कारण तो तुम्ही वापरलात आणि तोच माझ्या डोक्यातून जात नाही. कालवायला दोन गोष्टी मुळात वेगळ्या असाव्या लागतात. इकडे भात, तिकडे आमटी, मग आपण कालवतो. चार्ल्स्टनच्या ताटात असं वेगळं काही नव्हतंच. हे शहर उभं राहिलं ते भातावर. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी ही तिथल्या वसाहतींमधली सगळ्यात श्रीमंत वस्ती होती आणि तो पैसा बंदरातून बाहेर जाणाऱ्या तांदळाचा होता. तो तांदूळ पिकवणारी माणसं पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या भागांतून धरून आणलेली होती. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सर्वांत जास्त माणसं याच बंदरात उतरवली गेली. तुम्ही जे ‘सदर्न फूड’ खायला निघाला आहात, त्यातला लाल भात, भेंडीचं सूप, भात आणि चवळीच्या जातीच्या दाण्यांचा हॉपिन जॉन, हे सगळं त्यांच्या हातचं आहे. भेंडी आफ्रिकेतून आली, चवळीही. मग सांगा, मी काय कशात कालवलं?

तुम्ही म्हणाल, असेल, पण सुट्टीवर गेलेल्या माणसाला याचं काय? मला काय आहे ते सांगते.

मी खारेपाटातली. पेण-अलिबागकडची. आमचं शेत खाडीला लागून, मध्ये फक्त मातीचा बांध आणि बांधात उघाडी. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जायचं, भरतीला झडप आपोआप मिटायची. उधाणाच्या रात्री आजोबा कंदील घेऊन बांधावर फेरी मारायचे. खांड पडली तर गावातला प्रत्येक माणूस चिखलाचे पेंड टाकायला धावायचा, कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं पीक विसरायचं. लग्नानंतर मी शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला आले आणि पहिल्यांदा चार्ल्स्टनच्या बाहेर नदीकाठची जुनी भातखाचरं पाहिली तेव्हा नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. तोच बांध, तीच चौकोनी खाचरं. फरक एवढाच की तिथे समुद्राचं खारं पाणी अडवण्यापेक्षा भरतीच्या रेट्याने मागे ढकललेलं नदीचं गोडं पाणी हवं तेव्हा आत घेत. त्यासाठी बांधात दारं असत, त्यांना ‘ट्रंक’ म्हणतात. सुरुवातीला ती पोखरलेल्या झाडाच्या खोडाची करत, म्हणून ते नाव. सायप्रसची दलदल तोडून मैलोन् मैल बांध घातले गेले ते फावड्याने, हाताने, मलेरियात. ज्यांनी घातले त्यांना त्या भाताचा दाम मिळाला नाही.

हे मी पुस्तकात वाचून हळहळले असं नाही. माझे पणजोबा अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकरी संपात होते. १९३३ ते १९३९, खोतांविरुद्ध. शेतं पडीक टाकून माणसं रानातली लाकडं तोडून विकत होती, आजी सांगायची. कुळांची आणि गुलामांची बरोबरी मी करत नाही. कुळाला बाजारात उभं करून विकता येत नव्हतं आणि कुळाला संप करता आला. पण भात कोणी लावला आणि कोणाच्या कोठारात गेला, हे विचारल्याशिवाय आमच्या घरात कोणी जेवलेलं नाही. तीच सवय घेऊन मी चार्ल्स्टनला जेवते. १९ वर्षांत सहा वेळा जेवले आहे.

आणि एक प्रसंग, जो मी लेखातून जागेअभावी गाळला होता. सिटी मार्केटमध्ये गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बायका बसतात. स्वीटग्रासच्या, वळ्यावर वळा घालून शिवलेल्या. त्यांच्यातल्या एका आजींकडे एक रुंद, उथळ टोपली होती, तिला ‘फॅनर’ म्हणतात. मी ती हातात घेतली आणि विचार न करता पाखडायला लागले. रिकामीच. मनगटाचा तो झटका, दाणा मागे आणि फोल पुढे. आजींनी विणकाम थांबवलं आणि विचारलं, तू कुठली? मी म्हटलं, आमच्याकडे याला सूप म्हणतात, आकार वेगळा, काम तेच. त्यांनी माझ्या हातातून टोपली घेतली आणि त्यांची आई कशी पाखडायची ते करून दाखवलं. झटका तोच, फक्त शेवटी हात थोडा वर. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, तीही करून बघत होती. तुमची मुलं किती मोठी आहेत ते मला माहीत नाही, पण त्यांच्यासाठी मी ही जागा सुचवली होती आणि तुम्ही तिला रडगाणं समजून पुढे गेलात, याचं मला वाईट वाटतं.

चिखलफेकीचं म्हणाल तर चार्ल्स्टनच्या नगर परिषदेने जून २०१८मध्ये गुलामगिरीतल्या शहराच्या वाट्याबद्दल ठराव करून माफी मागितली. चाल्मर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम शहराच्या मालकीचं आहे. १८५६मध्ये उघड्यावरच्या गुलामविक्रीवर बंदी आली, म्हणून बाजार आत गेला, त्यातली ही जागा. २०२३मध्ये गॅड्सडेन्स वॉर्फवर, जिथे ही माणसं उतरवली जायची तिथेच, इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. इमारत खांबांवर उचललेली आहे, जमिनीला टेकलेली नाही. खाली फरशीवर एकमेकांना खेटून पडलेल्या माणसांच्या आकृत्या आहेत आणि त्यांच्यावर पाणी चढतं आणि उतरतं. हे सगळं तिथल्याच लोकांनी बांधलं. ते जर आपल्या शहराबद्दल असं बोलू शकतात, तर शार्लटमधून गेलेल्या मराठी बाईने तेवढंही लिहू नये, हा नियम कोणी केला?

बाकीचे मुद्दे. पार्किंग: गाडी हॉटेलवर ठेवा, गावात डॅशच्या बस फुकट आहेत. शाकाहार: साध्या जेवणघरांत पालेभाजी, घेवडा, लाल भात, बहुतेक सगळ्यात डुकराचं मांस शिजतं, म्हणून प्रत्येक पदार्थ विचारून घ्या. हे लेखात हवं होतं का? असेलही. आम्ही सगळं खातो, मला सुचलं नाही. नॉर्थ चार्ल्स्टनच्या बर्थाज किचनला मी पहिला नंबर दिला होता, २०१७मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड या अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातल्या मानाच्या पुरस्कारांपैकी ‘अमेरिकाज क्लासिक्स’ पुरस्कार मिळाला आहे. रांगेत उभं राहायचं, ताट हातात घ्यायचं, भेंडीचं सूप भातावर ओतून घ्यायचं. तिथे शाकाहारी माणसाचं पोट भरणार नाही, हे आता स्पष्ट सांगते. बंदरातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर जाणाऱ्या बोटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, मुलांना आवडते.

आणि घरी न्यायला बेन्ने वेफर्स घ्या. पातळ, कुरकुरीत, तिळाची बिस्किटं, मुलं पुडा संपवतील. बेन्ने म्हणजे तीळ. हा शब्द इंग्रजी नाही, पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांतला आहे, तिळाबरोबर जहाजातून आलेला. मुलांनी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.