मॉनिटर जोडल्यानं लॅपटॉप जळत नाही रे बाबांनो

गेल्या आठ दिवसांत हा एकच मेसेज मला चार ठिकाणांवरनं आलाय. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, मार्केट यार्डातल्या लोकांचा ग्रुप आणि शेवटी सख्खी मावशी. 'लॅपटॉपवाल्यांनो सावधान' अशी सुरुवात, मग लाल त्रिकोण, आणि खाली पाच मुद्दे: एक, बाहेरचा मॉनिटर जोडला की ग्राफिक्सवर डबल लोड येऊन सहा महिन्यात मदरबोर्ड जातो. दोन, लॅपटॉप चालू असताना एचडीएमआय केबल लावली की पोर्ट जळतो. तीन, सोन्याचं पाणी दिलेली केबल नसली की चित्र फिकं येतं. चार, टाइप सी पोर्ट असला की कुठलीही टाइप सी केबल चालते. पाच, स्क्रीनवर 'नो सिग्नल' आलं की समजायचं पोर्ट गेला, लगेच रिपेअरला टाका.

मी यार्डातल्या अडत्यांची कॉम्प्युटरची कामं बघतो, एका स्क्रीनवर टॅली आणि दुसऱ्यावर एक्सेल लावून द्यायचं हे माझं रोजचं काम, त्यामुळं गप्प बसवेना.

डबल लोडचं आधी घेऊ. लोकांच्या डोक्यात उसाच्या ट्रॅक्टरला दुसरी ट्रॉली जोडल्याचं चित्र असतंय. तसं नसतंय. टॅली, एक्सेल, ब्राउझर असलं काम दुसऱ्या स्क्रीनवर दाखवायला ग्राफिक्सला विशेष काही करावं लागत नाही, इंटेलच्या प्रोसेसरमधल्याच साध्या ग्राफिक्सला २०१२ पासून तीन स्क्रीन चालवता येतात आणि २०२० च्या अकराव्या जनरेशनपासून चार. आता मेसेजात एक कण खरा आहे तो सांगतो. काही गेमिंग लॅपटॉपात एचडीएमआयचा पोर्ट थेट वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेला असतोय, मग मॉनिटर लावला की ते कार्ड झोपत नाही, फॅन घुमायला लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. चार्जर लावून ठेवा, विषय संपला. आणि झाकण बंद करून वापरत असाल तर सांगलीच्या मे महिन्यात तरी झाकण उघडं ठेवा, काही लॅपटॉपची थोडी गरमी कीबोर्डातनं पण बाहेर पडते.

चालू लॅपटॉपला केबल लावायची नाही हे पण चूक. एचडीएमआयच्या १९ पिना असतात, त्यातली शेवटची, एकोणिसावी, फक्त समोर कुणी जोडलं गेलंय का हे कळायलाच दिलेली आहे. म्हणजे चालू असतानाच जोडायचं हे बनवणाऱ्यानं धरलेलंच आहे. पण पोर्ट जळतच नाहीत असं मी म्हणणार नाही. जळालेला एक मी स्वतः बघितलाय, आणि तो जळाला वळवाच्या पावसात. टीव्हीला गच्चीवरच्या डिशची केबल, त्याच टीव्हीला एचडीएमआयनं लॅपटॉप, जवळ कुठंतरी वीज पडली आणि सेट टॉप बॉक्स, टीव्ही, लॅपटॉपचा पोर्ट असं ओळीनं सगळं गेलं. दुसरी गोष्ट अर्थिंग. जुन्या वाड्यात आणि यार्डातल्या गाळ्यात तीन पिनचा सॉकेट असतोय पण तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नसते, मग लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतंय. तसं होत असलं तर मॉनिटर जोडायच्या आधी वायरमनला बोलवा. विजा चमकायला लागल्या की सगळं काढून ठेवा, हे मात्र खरंच करा.

सोन्याच्या पाण्याचा मुद्दा वाचून मला हसू आलं, कारण मी पण एकदा असली जाड, जाळीदार वेणी घातलेली केबल घेऊन बसलोय. एचडीएमआय डिजिटल आहे. केबल दर्जात कमी पडली तर चित्र फिकं पडत नाही, पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर दर दोन मिनिटाला स्क्रीन काळी होऊन परत येते. केबलमुळं चित्र हळूहळू धूसर व्हायचं ते जुन्या निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलीत, कारण ते अॅनालॉग होतं. सोन्याचं पाणी कशाला, तर कनेक्टर गंजू नये म्हणून, रंगाशी त्याचा संबंध नाही.

मग टीव्हीला लावल्यावर काळं राखाडी का दिसतं? ही खरी तक्रार आहे, फक्त निदान चुकलंय. टीव्हीच्या जगात काळा रंग १६ ला आणि पांढरा २३५ ला धरतात, कॉम्प्युटर मात्र ० ते २५५ धरतो. लॅपटॉपला वाटलं की समोर टीव्ही आहे तर तो १६ ते २३५ पाठवतो, आणि समोरची स्क्रीन, टीव्ही असो की मॉनिटर, ० पासून मोजत बसली की काळ्याची राख होते. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रेंज 'फुल' करा, टीव्हीच्या बाजूला त्या इनपुटचं नाव 'पीसी' ठेवा. कडा कापल्यासारख्या दिसत असतील तर टीव्हीच्या पिक्चर मेनूत 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' शोधा. सगळं फुकटात. फोर के मॉनिटरवर माउस अडखळत चालला तर मात्र केबल, पोर्ट नाहीतर मधला अडॅप्टर जुना असू शकतो, एचडीएमआय १.४ वर फोर के ३० हर्ट्झलाच (सेकंदाला ३० चित्रं) थांबतं, ६० साठी २.० लागतं.

चौथा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा आहे. टाइप सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. आत काय चालतं ते पोर्टापोर्टाला वेगळं. चित्र बाहेर यायला त्या पोर्टात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो (डिस्प्लेपोर्ट म्हणजे एचडीएमआयसारखाच चित्र न्यायचा दुसरा प्रकार), आणि स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपात आणि फोनमध्ये तो नसतोच, तिथं टाइप सीतनं एचडीएमआय काढणारा साधा डोंगल लावून पण काही होत नाही. पोर्टाशेजारी थंडरबोल्टची, म्हणजे विजेच्या बाणाची खूण किंवा डी आणि पी एकात एक काढलेली खूण आहे का बघा. खूण नसली म्हणून नाहीच असं पण नाही, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर खात्री करा. केबलचं पण तेच, फोनच्या चार्जरबरोबर आलेल्या बहुतेक केबलीत चित्रासाठी लागणाऱ्या वेगवान तारा घातलेल्याच नसतात, तिचा डेटाचा वेग ४८० एमबीपीएसवर संपतो. एकानं मला चार केबली पिशवीत घालून आणून दाखवल्या, चारही चार्जिंगच्या. आणि अॅपलच्या एम वन चिपच्या मॅकबुक एअरवाल्यांनी दोन मॉनिटर घ्यायच्या आधी थांबा, त्याला बाहेरचा एकच चालतो. उलटी फसगत पण होते: लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आणि मधे एका टोकाला हे आणि दुसऱ्याला ते असलेली स्वस्त केबल. ती केबल सहसा एकाच दिशेनं चालते, डिस्प्लेपोर्टकडनं एचडीएमआयकडं.

आता 'नो सिग्नल'. यार्डात हळदीच्या अडतीवर एक अण्णा आहेत, त्यांनी हा मेसेज वाचूनच लॅपटॉप दुकानात नेला, तिथं मदरबोर्डचा आकडा ऐकून परत आले आणि मला फोन. गेलो. मॉनिटरवर निळ्या चौकटीत 'नो सिग्नल' इकडून तिकडं फिरतंय.

"अण्णा, हे वाक्य लॅपटॉप बोलत नाही, मॉनिटर बोलतोय."

"मग काय म्हणतोय त्यो?"

"मी ज्या दारात उभाय तिथं कोण आलं नाही म्हणतोय."

मॉनिटरच्या खालच्या कडेला बोटानं चाचपून बटण सापडलं, सोर्स व्हीजीएवर होता, केबल एचडीएमआयला. दोनदा दाबलं, चित्र आलं. साफसफाई करणाऱ्या पोरानं फडकं मारताना बटण दाबलं असणार.

तेवढ्यानं नाही झालं तर विंडोजचं बटण आणि पी दाबा, 'एक्स्टेंड' निवडा, कारण 'पीसी स्क्रीन ओन्ली'वर राहिलं तर मॉनिटर बिचारा काय करणार. मग मॉनिटरची पिन भिंतीतनं काढून मिनिटभर थांबा, नुसतं समोरचं बटण बंद करून भागत नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम, स्क्रीन क्षणभर काळी होऊन ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नव्यानं सुरू होतो. मग दुसरी केबल, मग शेजारच्यांचा टीव्ही. एक खूण अजून: डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ अशा दोन चौकटी आल्या आणि मॉनिटरचं नाव दिसलं, तर ती माहिती त्याच केबलीतनं मॉनिटरनं पाठवलेली असते, म्हणजे पोर्टाला अजून सुतक धरायचं कारण नाही. दुसऱ्या केबलीनं दुसऱ्या टीव्हीवर पण काहीच आलं नाही, तर दुकानाची पायरी चढा.

दुसऱ्या दिवशी सौदे सुरू व्हायच्या टायमाला अण्णांचा परत फोन. "चित्र आलं पण लॅपटॉपचा आवाज गेला की रं, स्पीकर जळला बघ, मेसेजात हे लिवलंच नव्हतं." एचडीएमआयमधनं आवाज पण जातो, आणि त्यांच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा, आवाजाच्या पट्टीशेजारी बाण आहे तो दाबा, यादीतनं लॅपटॉपचा स्पीकर निवडा, असं फोनवरनं सांगितलं. मिनिटभर खुडबूड ऐकू आली आणि मग नातवानं पाठवलेला कसला तरी व्हिडिओ एवढ्या मोठ्यानं वाजला की अण्णांनी फोन न ठेवताच लॅपटॉपचं झाकण आपटलं.